डिझेल टाकीची हवानळी : व्यासाचा हिशेब आणि कीटकांचा अडथळा

कम्बाइन हार्वेस्टर, भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्यांची धान्य सुकवणी यंत्रे आणि शीतगृहांची जनित्रे यांमुळे गावपातळीवर डिझेल साठवण्याचे प्रमाण वाढले आहे. पूर्वी पिंपात ठेवले जाणारे इंधन आता पत्र्याच्या टाक्यांत साठवले जाते आणि बादली व नरसाळ्याची जागा टँकरच्या पंपाने घेतली आहे. २०१८ मध्ये पुण्यातून सुरू झालेल्या घरपोच डिझेल सेवेनंतर फिरत्या वितरण वाहनांतून जागेवरच इंधन घेण्याची सोयही अनेक ठिकाणी झाली. या बदलात टाकीचा एक लहानसा भाग मात्र दुर्लक्षित राहतो. तो म्हणजे टाकीच्या माथ्यावरील हवानळी, अर्थात व्हेंट पाइप. स्थानिक कारागीर बहुधा हाताशी असलेला अर्धा इंची पाइप जोडून देतो, आणि पुढे त्या पाइपाच्या तोंडात कुंभारमाशी घर करते. या दोन्ही गोष्टींचा परिणाम सारखाच होतो : टाकीचा श्वास कोंडतो. टाकी फुगते किंवा आत दबते, सांधे गळू लागतात, आणि ऐन हंगामात इंधन जमिनीत मुरते.

टाकी श्वास का घेते?

टाकी कधीही रिकामी नसते. जेथे डिझेल नसते, तेथे हवा असते. मिनिटाला ४०० लिटर या गतीने डिझेल आत आले, तर त्याच गतीने ४०० लिटर हवा बाहेर पडली पाहिजे. पंपाने मिनिटाला ७० लिटर डिझेल उपसले, तर तितकीच हवा आत आली पाहिजे. हवेला वाट अपुरी असेल, तर भरताना टाकीत दाब वाढतो आणि उपसताना पोकळी निर्माण होते.

श्वासाचे दुसरे कारण तापमान हे आहे. ५,००० लिटरची टाकी अर्धी रिकामी आहे, असे समजू. पहाटे १५ अंश सेल्सिअस असलेली आतील २,५०० लिटर हवा दुपारी ४५ अंशांपर्यंत तापली, तर ती सुमारे १० टक्क्यांनी प्रसरण पावते आणि २६० लिटर हवा बाहेर पडते. ही क्रिया काही तासांत होते, म्हणून तिचा प्रवाह मिनिटाला अर्धा-पाऊण लिटर इतकाच असतो. तापलेल्या टाकीवर अचानक वळवाचा पाऊस पडला, तर मात्र आतील हवा झपाट्याने आकसते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या २००० क्रमांकाच्या मानकातील रूढ नियमानुसार अशा वेळी टाकीच्या प्रत्येक घनमीटर क्षमतेमागे ताशी सुमारे ०.१७ घनमीटर हवा आत येण्याची सोय हवी. ५,००० लिटरच्या टाकीसाठी हे प्रमाण मिनिटाला सुमारे १४ लिटर होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लहान व मध्यम टाक्यांत हवानळीचा व्यास तापमानावरून नव्हे, तर डिझेल भरण्याच्या किंवा उपसण्याच्या सर्वाधिक गतीवरून ठरतो.

व्यास थोडा कमी, दाब कितीतरी अधिक

नळीतून हवा जाताना लागणारा दाब प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की दाब चौपट होतो. व्यासाचा परिणाम याहून तीव्र आहे. नळीचा व्यास निम्मा केला, तर त्याच प्रवाहासाठी लागणारा दाब १६ ते ३२ पट होतो. पुढील हिशेबात हवानळी ४ मीटर लांब असून तिला दोन कोपरे आहेत आणि टँकर मिनिटाला ४०० लिटर डिझेल सोडतो, असे गृहीत धरले आहे. तोंडावरील जाळीचा विरोध यात धरलेला नाही.

• १५ मिमी (अर्धा इंची) नळी : हवेचा वेग सेकंदाला सुमारे ३३ मीटर, टाकीतील दाब सुमारे ७,६०० पास्कल.
• २५ मिमी (एक इंची) नळी : दाब सुमारे १,००० पास्कल.
• ३२ मिमी (सव्वा इंची) नळी : दाब सुमारे ३२० पास्कल.
• ५० मिमी (दोन इंची) नळी : दाब सुमारे ४५ पास्कल.

पास्कल हे एकक लहान वाटते, परंतु टाकीचा पत्रा मोठा असतो. १,००० पास्कल दाब म्हणजे पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १०० किलो भार. या हिशेबाने अर्धा इंची नळी असलेल्या टाकीच्या प्रत्येक चौरस मीटरवर पाऊण टनाहून अधिक भार येतो, तर दोन इंची नळी असलेल्या टाकीवर तो साडेचार किलोच्या आसपास राहतो. टाकी, टँकर आणि डिझेल तेच असते. फरक केवळ नळीच्या व्यासाचा.

पत्रा किती सोसतो, याचा एक मापदंड मोठ्या तेलटाक्यांच्या मानकांतून मिळतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ६५० क्रमांकाच्या मानकानुसार बांधलेल्या वेल्डेड टाक्या, वेगळा हिशेब न करता, ०.२५ किलोपास्कल म्हणजे २५० पास्कल इतकीच पोकळी सोसू शकतील असे मानले जाते. पाण्याच्या स्तंभात मोजल्यास ही उंची अवघी २५ मिमी भरते. गावातील वर्कशॉपमध्ये बनलेल्या सपाट माथ्याच्या टाकीसाठी हीच मर्यादा पाळणे शहाणपणाचे ठरते. वरील उदाहरणात मिनिटाला ४०० लिटर प्रवाहासाठी सव्वा इंची नळी ही मर्यादा ओलांडते. मात्र भरण्याची गती २०० लिटरवर आणली, तर तीच नळी ८० पास्कलवर येते आणि पुरेशी ठरते. म्हणून टाकीची क्षमता किती, एवढे विचारून भागत नाही. ती किती वेगाने भरली जाते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

व्यास निवडण्याचा सोपा नियम

अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या ३० क्रमांकाच्या संहितेत यासाठी सुटसुटीत नियम दिलेला आहे. हवानळी ही टाकीच्या भरण्याच्या किंवा उपसण्याच्या जोडांपैकी जो मोठा असेल, किमान त्याच्याइतकी असावी. कोणत्याही परिस्थितीत ती ३२ मिमीहून लहान नसावी. टँकरची जोडणी दोन इंची असेल, तर हवानळीही दोन इंचीच हवी. शेतावरील बहुतेक टाक्यांना हा नियम पुरतो. त्याला पुढील पथ्यांची जोड द्यावी.

पहिले पथ्य लांबीचे. नळीचा प्रत्येक काटकोनी कोपरा हा व्यासाच्या सुमारे ३० पट लांबीच्या सरळ नळीइतका विरोध करतो. दोन इंची नळीत एक कोपरा म्हणजे दीड मीटर जादा नळी. नळी लांबवर न्यावी लागत असेल किंवा कोपरे दोनाहून अधिक असतील, तर पुढच्या मापाचा व्यास घ्यावा.

दुसरे पथ्य उताराचे. हवानळी टाकीकडे उतरती असावी. मध्ये झोळ नसावा. झोळात साचलेले डिझेल किंवा पाणी बुचासारखे काम करते. केवळ १० सेंमी उंचीचा डिझेलचा साठा हटवण्यासाठी टाकीत सुमारे ८०० पास्कल दाब निर्माण व्हावा लागतो. म्हणजे वर सांगितलेल्या सुरक्षित मर्यादेच्या तिप्पट.

तिसरे पथ्य टाकी काठोकाठ न भरण्याचे. टाकी भरूनही पंप सुरू राहिला, तर डिझेल हवानळीत चढते. टाकीच्या माथ्यापासून ३ मीटर उंचीपर्यंत नळी भरली, तर माथ्यावर २४ किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे अडीच टन दाब येतो. असा दाब साधा पत्रा सोसू शकत नाही. सुमारे ९५ टक्के पातळीला भरणे थांबवावे आणि भरताना एका व्यक्तीने टाकीजवळच थांबावे.

चौथे पथ्य झडपेचे. हवानळीवर कोणताही बंद होणारा नळ किंवा व्हॉल्व्ह बसवू नये. ‘वाफ उडून जाते’ या समजुतीने नळीच्या तोंडात चिंधी कोंबण्याची सवय काही ठिकाणी आढळते. डिझेलची वाफ सामान्य तापमानाला नगण्य असते, त्यामुळे या चिंधीने इंधन वाचत नाही, मात्र टाकी धोक्यात येते.

भारतातील नियम

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार डिझेल हे ‘ब’ वर्गातील पेट्रोलियम आहे. एका ठिकाणचा एकूण साठा २,५०० लिटरपर्यंत असेल आणि त्यातील कोणतेही पात्र १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर या अधिनियमाखाली परवाना लागत नाही. त्यापुढील साठ्यासाठी परवाना आवश्यक असून हवानळीविषयीच्या अटी पेट्रोलियम नियम, २००२ मध्ये आहेत. नळी मोकळ्या हवेत उघडावी, तिच्या तोंडावर न गंजणाऱ्या तारेच्या जाळीचे दोन थर असावेत, त्या जाळीला दर सेंटिमीटरला किमान ११ छिद्रे असावीत आणि पावसापासून संरक्षण असावे, हा त्यांचा गाभा आहे. लहान साठ्याला परवान्यातून सूट असली, तरी भौतिकशास्त्राच्या नियमांतून सूट नसते. १,००० लिटरच्या टाकीलाही हीच काळजी घ्यावी.

नळीतील बिऱ्हाडकरू

नळीचा व्यास योग्य असूनही टाकी दबल्याचे दिसते, तेव्हा शोध नळीच्या तोंडाशी सुरू करावा. आडोसा असलेली, आतून कोरडी, बोटाएवढ्या जाडीची पोकळी ही अनेक एकाकी गांधीलमाश्यांना व मधमाश्यांना घरट्यासाठी हवी असते. स्केलिफ्रॉन प्रजातीतील कुंभारमाश्या ओल्या मातीच्या गोळ्या आणून आडोशाला कोठड्या बांधतात आणि त्यांत बधिर केलेले कोळी पिल्लांसाठी साठवतात. त्यांच्या दूरच्या नात्यातील काही गांधीलमाश्या तयार पोकळीत अळ्या भरून तोंड मातीने लिंपतात. पानकापी माश्या पानांचे गोल तुकडे रचून नळी भरतात. ठिबकची गळती, हौद किंवा धुण्याची जागा टाकीजवळ असेल, तर ओली माती जवळच मिळते आणि घरटे बांधण्याचे काम वेगाने होते.

या छोट्या जीवांच्या घरट्यांचे परिणाम किती मोठे असू शकतात, याची उदाहरणे इतर क्षेत्रांत नोंदलेली आहेत. १९९६ च्या फेब्रुवारीत डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पोर्तो प्लाता येथून उडालेले प्रवासी विमान समुद्रात कोसळून १८९ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा वेग मोजणारी नळी बंद झाली होती आणि त्यामागे कुंभारमाशीचे घरटे असावे, असा संशय व्यक्त झाला. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन विमानतळावर अमेरिका खंडातून आलेली एक गांधीलमाशी उभ्या विमानांच्या अशाच नळ्यांत घरटी करते, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले गेले. इंधनटाकीशी थेट संबंध असलेले उदाहरण कोळ्यांचे आहे. पिवळ्या रंगाचे पिशवी-कोळी इंधनप्रणालीच्या हवानळीत जाळे विणतात, त्यामुळे टाकीत पोकळी निर्माण होऊन टाकीला तडा जाऊ शकतो, या कारणावरून माझदा कंपनीने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये अमेरिकेतील हजारो मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

शेतावरील टाकीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. टाकीत वर ५०० लिटर हवा आहे आणि हवानळी मातीने पूर्ण बंद आहे, असे समजा. पत्रा न वाकता केवळ ५ लिटर डिझेल उपसले, तरी आतील दाब सुमारे १ टक्क्याने, म्हणजे १,००० पास्कलने उतरतो. पत्र्यावर बाहेरून चौरस मीटरला १०० किलो भार येतो. एका ट्रॅक्टरची टाकी भरेपर्यंत तो कित्येक पटींनी वाढतो, आणि प्रत्यक्षात त्याआधीच पत्रा आत वाकतो किंवा पंप रिकामा फिरू लागतो. घरट्याने दोन इंची नळीत फक्त ६ मिमीचे छिद्र उरले असेल, तरीही मिनिटाला ७० लिटर उपशाला सुमारे २,८०० पास्कलची पोकळी निर्माण होते. म्हणजे ‘थोडी हवा जाते आहे’ हा दिलासा खोटा असतो.

जाळी : कीटक थांबवा, हवा नको

उपाय जाळीचा आहे. मात्र जाळी हवेलाही अडवते. दर सेंटिमीटरला ११ छिद्रांच्या जाळीत तार ०.३ मिमी जाडीची धरली, तर मोकळी जागा सुमारे ४५ टक्के उरते. दोन थर एकमेकांवर आले की ती २० टक्क्यांच्या आसपास येते. अशी जाळी नळीच्या तोंडावर सपाट ताणून बसवली, तर दोन इंची नळी हवेच्या दृष्टीने एक इंचीहून लहान होते. म्हणून जाळीचे एकूण क्षेत्रफळ नळीच्या छेदाच्या किमान पाचपट ठेवावे. दोन इंची नळीचा छेद सुमारे २० चौरस सेंमी असतो. तिला १०० चौरस सेंमी जाळी हवी. सुमारे ६ सेंमी व्यासाची आणि साडेपाच सेंमी उंचीची जाळीची टोपी हे काम करते. धूळ बसणार हे लक्षात घेऊन ती याहून मोठी केल्यास उत्तम. टोपीवर पावसासाठी छत्री असावी आणि छत्री व जाळी यांत मोकळे अंतर असावे.

या जाळीच्या छिद्रातून घरटे करणाऱ्या माश्या जाऊ शकत नाहीत. मळणीच्या दिवसांतील भुसा आणि तेलकट धूळ मात्र तिच्यावर थर धरते. म्हणून खरीप व रब्बी कापणीपूर्वी, आणि मळणी चालू असताना दर आठवड्याला, जाळी काढून धुवावी व कोरडी करून बसवावी.

नळीच्या तोंडाशी कीटकनाशक फवारणे टाळावे. त्यामुळे आधीचे घरटे नाहीसे होत नाही आणि वाट मोकळी होत नाही. शिवाय अळ्या साठवणाऱ्या गांधीलमाश्या पिकावरील अळ्यांच्या नैसर्गिक शत्रू आहेत आणि पानकापी माश्या परागीभवन करतात. त्यांना नळीपासून दूर ठेवणे पुरेसे आहे. बांबूच्या एका बाजूने बंद असलेल्या कांड्यांची जुडी बांधावर, आडोशाला टांगली, तर त्यांना हक्काची जागा मिळते.

आगीच्या प्रसंगासाठी वेगळी वाट

वर सांगितलेली हवानळी रोजच्या श्वासासाठी आहे. टाकीला बाहेरून आगीने वेढले, तर डिझेल उकळू लागते आणि वाफेचा लोंढा निर्माण होतो. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या कोष्टकानुसार सुमारे ३.७ चौरस मीटर ओला पृष्ठभाग असलेल्या, म्हणजे साधारण १,००० लिटरच्या चौकोनी टाकीला अशा वेळी ताशी ४२,१०० घनफूट हवेइतकी सोय लागते. मिनिटाला हे सुमारे २०,००० लिटर होतात, म्हणजे टँकरच्या प्रवाहाच्या ५० पट. दोन इंची नळी हा भार पेलू शकत नाही. म्हणून टाकीच्या माथ्यावर दाबाने उचलले जाणारे, लांब बोल्टांवर सैल बसवलेले झाकण असावे. ते घट्ट आवळून टाकणे म्हणजे आगीत टाकीचा स्फोट ओढवून घेणे होय. हवानळी लोखंडी असावी. प्लॅस्टिकची नळी उन्हाने ठिसूळ होते आणि आगीत वितळते.

जागेवरची साधी चाचणी

हवानळी पुरेशी आहे की नाही, हे पारदर्शक प्लॅस्टिक नळीच्या ‘यू’ आकाराने पाहता येते. ही नळी फळीवर बांधून तिच्यात निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. तिचे एक टोक टाकीच्या माथ्यावरील मापकाठीच्या छिद्रात हवाबंद बसवावे, दुसरे मोकळे ठेवावे. टँकर पूर्ण गतीने भरत असताना दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतील फरक मोजावा. दर १० मिमी फरक म्हणजे सुमारे १०० पास्कल. फरक २५ मिमीच्या आत असेल, तर नळी योग्य आहे. तो वाढत चालला, तर भरणे लगेच थांबवावे. उपसा करताना हीच चाचणी पोकळीसाठी करावी. चाचणीच्या वेळी जवळपास विडी, ठिणगी किंवा उघडी ज्योत नसावी, आणि दबलेल्या वा फुगलेल्या टाकीवर कोणीही चढू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी तपासणी यादी

१. भरण्याची व उपसण्याची सर्वाधिक गती लिहून घ्यावी.
२. हवानळीचा व्यास मोठ्या जोडाइतका व किमान ३२ मिमी असल्याची खात्री करावी. टँकरने भरल्या जाणाऱ्या टाकीला ५० मिमी सुचवावी.
३. कोपरे, झोळ व उतार पाहावा.
४. नळीत माती, पाने, जाळे आहे का, हे उपसा बंद ठेवून व जाळी काढून तपासावे. आत पाहण्यासाठी काडी किंवा ज्योत वापरू नये. घरटे टाकीत न ढकलता बाहेरच्या बाजूने काढावे.
५. जाळीचे क्षेत्रफळ नळीच्या छेदाच्या पाचपट असावे. ती धुतल्याची तारीख टाकीवर रंगाने लिहावी.
६. आपत्कालीन झाकण सहज उचलले जाते का, ते पाहावे.
७. साठ्याचे प्रमाण परवानामुक्त मर्यादेत आहे का, याची नोंद घ्यावी.

टाकी घेताना लोखंडाची जाडी, रंग आणि किंमत यांची चर्चा होते. हवानळीचा विषय क्वचितच निघतो. दोन इंची नळी, जाळीची टोपी आणि हंगामापूर्वीची अर्ध्या तासाची तपासणी यांचा खर्च टाकीच्या किमतीच्या मानाने अल्प आहे. कापणीच्या दिवशी टाकी दबली, तर नुकसान केवळ डिझेलचे होत नाही. शेतात उभे असलेले तयार पीकही थांबते. यंदा कापणीपूर्व बैठकांत बियाणे व कीडनियंत्रणासोबत हा विषयही घेण्यासारखा आहे.